डेस्मंडचा तांबडा चेंडू

क्रोके हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे, असं डेस्मंड टॅपलीनं वेदरली गावच्या पबमध्ये जाहीर करून टाकलं होतं. लाकडी हातोडा घ्यायचा, चेंडू हाणायचा, लोखंडी कमानीतून पार करायचा; त्यात शिकण्यासारखं आहे काय? ज्या माणसानं सारा जन्म खाटकाच्या दुकानात सुरा चालवला आणि संध्याकाळी स्नूकरच्या टेबलावर भल्याभल्यांना पाणी पाजलं, त्याला म्हाताऱ्यांच्या हिरवळीवर कसली अडचण येणार!

अडचण येऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा होती. दुकान बंद केल्यापासून डेस्मंड घरभर कोमेजून फिरत असे. म्हणून बायकोनंच, म्युरिएलनं, त्याला आपल्या क्लबात घातलं. नवशिक्यांना नियम शिकवायचा वार नेमका स्नूकरचा होता, त्यामुळे डेस्मंड तिकडे फिरकला नाही. तो एकटाच कोपऱ्यातल्या हिरवळीवर सराव करी. कमान चेंडूपेक्षा केसभरच रुंद, पण पठ्ठ्याचा नेम असा, की लांबून मारलेला चेंडूही दारातून मांजर शिरावं तसा आत जाई.

अशात शेजारच्या हॅमरिज क्लबाशी वार्षिक सामना आला आणि म्युरिएलच्या खेळातल्या जोडीदाराचा गुडघा धरला; त्याच्या जागी डेस्मंडला उतरवायचं ठरलं. या सामन्याचं बक्षीस म्हणजे एक चांदीची चहादाणी. पोचे पडलेली, पण म्युरिएलच्या आईनं क्लबाला दिलेली. जिंकणाऱ्या कप्तानानं ती वर्षभर घरी ठेवायची असा रिवाज होता, आणि आई गेल्यापासून ती हॅमरिजच्या मिसेस ऑग्डनच्या कपाटात ठाण मांडून होती. वेदरलीची कप्तान म्युरिएलच होती, आणि तिला ती एकदा आपल्या टेबलावर हवी होती. तिच्यातला चहा आईच्या हातचा लागतो, असं ती म्हणे.

"यंदा चहादाणी घरी आलीच म्हणून समज," डेस्मंड म्हणाला.

क्रोकेत चारही चेंडू एकाच कमानीमागे लागतात. ज्याचा चेंडू आधी पार, त्याला गुण. मग तो कुणाच्या का फटक्यानं जाईना. टॅपली जोडप्याचे चेंडू निळा आणि काळा, पाहुण्यांचे तांबडा आणि पिवळा. डेस्मंडला मात्र तांबडा चेंडू दिसला आणि स्नूकरचं रक्त उसळलं. स्नूकरमध्ये तांबडा टेबलाच्या खिशात घालवला की गुण आपला! त्यानं आपल्या निळ्यानं तांबड्याला असा टोला दिला, की तो कमानीतून सुळकन पलीकडे गेला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस ऑग्डन मनापासून म्हणाल्या, की असा फटका त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. म्युरिएल नुसतं म्हणाली, "वेगळाच होता, डेस्मंड."

डेस्मंडची छाती फुगली. पुढं जमेल तिथं त्यानं तांबडा घालवला, एकदा तर पिवळाही. त्याचा फटका दरवेळी अधिक 'धाडसी', अधिक 'अनपेक्षित' असा म्युरिएलकडून शेरा येई. तिकडच्या लोकांची ही रीतच आहे, ताकाला जाऊन भांडं लपवायचं. आणि पाहुण्यांसमोर नवऱ्याची चूक काढणं म्हणजे रस्त्यात धुणं धुण्यासारखं. गुणफलकाकडे डेस्मंडनं पाहिलंच नाही. आपण पुढं असताना फलक न्याहाळणं त्याला असभ्य वाटत होतं.

बिचारी म्युरिएल एकटीच्या जिवावर झुंजत बरोबरीला आली. उरली शेवटची कमान. तिनं घसा खाकरला.

"डेस्मंड, या वेळी तांबड्याला हात नाही लावलास तरी चालेल, बरं का."

काय मनाची बायको, डेस्मंडला वाटलं. नवऱ्यावर ओझं नको म्हणून सोपा फटका सुचवतेय! पण अशा वेळी सोपं खेळतो तो टॅपली कसला? त्यानं डोळे बारीक केले आणि अर्ध्या हिरवळीवरून तांबडा कमानीतून पार केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मिसेस ऑग्डन चहादाणी काखोटीला मारून आल्या, तसे डेस्मंडनं दोन्ही हात पुढे केले. त्यांनी त्यातला एक धरून भरभरून हलवला. "मिस्टर टॅपली, तुमच्याशिवाय आम्हाला हे जमलं नसतं," त्या म्हणाल्या, आणि कुठकुठल्या कमानी त्यानं मिळवून दिल्या ते कृतज्ञतेनं मोजू लागल्या.

घरी जाताना डेस्मंडचं तोंड पार उतरलं होतं.

"अगं, मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. हात नाही लावलास तरी चालेल म्हटलं."

"हे सांगणं झालं?"

"चारचौघांत याहून मोठ्यानं काय ओरडायचं?" मग तिचा आवाज मऊ झाला. "आणि खरं सांगू? दुकान बंद झाल्यापासून तुला इतकं खुशीत पाहिलंच नव्हतं. तुझा विरस करणं माझ्या जिवावर आलं रे."

डेस्मंडला भरून आलं. आता हातोडा खुंटीला टांगतो, तो म्हणाला. मिसेस ऑग्डननी तर त्याला पुढच्या वर्षी हॅमरिजकडून खेळायला बोलावलं होतं. आपण अर्थातच साफ नकार देणार.

म्युरिएल भर रस्त्यात थांबली.

"खुळा आहेस का? हो म्हण. आणि खेळायची पद्धत मुळीच बदलू नकोस."