चौगुलेअण्णांचं देवघर

आमचे चौगुलेअण्णा कॉम्प्युटरवर एक ठरावीक फाईल उघडायच्या आधी टेबलाखाली चपला काढत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खो खो हसलो. ते गंभीरपणे म्हणाले, "देवघरात चपला घालून जातोस व्हय रं?"

नव्वदच्या दशकात सांगलीत आम्ही डेअऱ्यांसाठी दुधाचे इलेक्ट्रॉनिक काटे बनवायचो. अण्णा मूळचे जतकडचे, रेडिओ दुरुस्त करता करता प्रोग्रॅम लिहायला शिकलेले. प्रोग्रॅममध्ये हेडर फाईल म्हणून एक प्रकार असतो. कोणी कोणाला हाक मारायची, त्याची यादीच म्हणा ना. आमच्या सगळ्या याद्या एकाच फोल्डरात कोंबलेल्या. अण्णांनी आल्या आल्या त्यांचं घर मांडलं. ओसरीत सगळ्यांना खुल्या फाईली. माजघरात डिस्प्ले, बटणं, वजनाचा सेन्सर यांच्याशी बोलणाऱ्या. आणि देवघरात एकच: एक किलो म्हणजे नेमकं किती, हा आकडा चिपमध्ये कुलूपबंद ठेवणारी.

एकदा घाईत मी ओसरीतून थेट सेन्सरला हाक मारली. अण्णांनी अख्ख्या ऑफिससमोर माझी हजेरी घेतली. "वळख न्हाई, पाळख न्हाई, आन् डायरेक चुलीपाशी?" दोन दिवस माझ्याबरोबर चहा घेतला नाही बाबानं! पण पुढे जुना डिस्प्ले बाजारात मिळेना, तेव्हा माजघरातली एक फाईल बदलली आणि काम फत्ते. मी मुकाट्यानं कान पकडले.

मग एका मोठ्या डेअरीची ऑर्डर आली. अट एकच, किलोचा तो आकडा पासवर्डशिवाय, नुसत्या बटणानं बदलता यावा.

साहेब म्हणाले, "देवघरातली एक ओळ ओसरीत आणायची. एवढंच."

"न्हाई जमायचं."

"ऑर्डर जाईल अण्णा. मग तुम्हीही जाल."

अण्णांनी शांतपणे डबा पिशवीत भरला. मी जिन्यात गाठलं त्यांना. "अहो, एका ओळीसाठी नोकरी सोडता?"

"आमची आय दोन कोस चालत दूध घालाय जायची," ते म्हणाले. "घरनं मापून न्यायची, आन् तितं रोज पावशेर कमीच भरायचं. कवा भांडली न्हाई गड्या. म्हणायची, माझंच वाटंत हिंदकळलं आसंल. मरस्तवर लय जपून पाय टाकायची."

मी तसाच वर गेलो आणि साहेबांना सांगितलं, ती ओळ मीही हलवणार नाही. ऑफिसात प्रोग्रॅम येणारी माणसं आम्ही दोघंच होतो.