बायकांनी मुळीच पाहू नये असा सिनेमा

माणिकचं एक वागणं आनंदाबाईंना अजिबात खपत नसे. सिनेमा पाहून आला की पोरगा जेवायच्या आधी लिहायला बसे आणि ताटातल्या भाकरीचा पापड होई. मास्तर झाला, जिल्हाभर जाणाऱ्या साप्ताहिकात सिनेमावर लिहू लागला, म्हणून काय आईचं ऐकू नये? त्याचा लेख आनंदाबाई शेजारणीकडून वडनेरच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचून घेत, ती गोष्ट वेगळी.

या खेपेला मात्र लेखानं घात केला. सिनेमा खुनाचा, फक्त प्रौढांसाठी. बाई प्रियकराला भरीला घालून नवऱ्याला मारवते. माणिकनं तो झोडपून काढला आणि शेवटी बजावलं, बायकांनी तर मुळीच पाहू नये. हिंगणघाटच्या टॉकीजवाल्यानं तोच लेख फाटकावर चिकटवला आणि शनिवारी दुपारी खास बायकांचा खेळ लावला.

तिकडे केळझरहून निरोप आला. माणिकशी लग्न ठरलेल्या नलूच्या आईचं, सुलोचनाबाईंचं म्हणणं, असलं पाहणाऱ्या पोराला मुलगी कशी द्यावी? जमलेली सोयरीक मोडायला आली. माणिक न लिहिता नुसता ताटापुढं बसू लागला, तेव्हा आनंदाबाईंनी कंबर कसली. त्यांनी ठरवलं, सिनेमा आपणच पाहायचा आणि केळझरला जाऊन ठणकावून सांगायचं, त्यात तसलं काही नाही.

टॉकीजमध्ये बायकांचा बाजार भरलेला. पडद्यावरची बाई झिरझिरीत कपड्यांत अंधारात फिरू लागली. आनंदाबाईंनी पदराआड एक डोळा मिटून घेतला. बाई पलंगाजवळ गेली तसा तोही उघडला. मग नवऱ्याच्या पाठीशी सुरा चमकला आणि त्या उभ्याच राहिल्या.

"अवो, मांगं पाहा, मांगं!"

शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं घाबरून त्यांचा हात गच्च धरला. मध्यंतराला दिवे लागले, तर हात सुलोचनाबाईंचा.

दोघींनी पदर सावरले. सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, "पोरगं काय पाह्यते, थे पाहाले आलती मी."

"मंग मी काऊन आली?" म्हणत आनंदाबाईंनी पिशवीतली भाकरी-चटणी सोडली. अर्धी विहिणीला, अर्धी आपल्याला. पुढं त्या पापिणीला बेड्या पडल्या, तेव्हा दोघींनी एकाच पदरानं डोळे पुसले.

माणिक घरी दारातच उभा होता. तोंडावर पाणीसुद्धा न घेता आनंदाबाईंनी निकाल दिला.

"नलू तुलेच देऊन राह्यले थे. पण लेख तुहा साफ चुकला. त्या घरात दिवा नाई, चूल नाई, जेवली का म्हणून त्या बाईले कोणी इचारलं नाई. खून नाई पडन तं काय होईन? लगन झाल्यावर नलूले आधी जेवली का इचारजो, मंग लिहीजो. चाल, जेव आता."