नऊ पहिली नावं

निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, मोरोपंत वेब डिझाइनमध्ये गेले. "सहा महिन्यांत मी वेब डिझायनर होणार," असं त्यांनी देवासच्या आपल्या घरात ऐन जेवताना जाहीर केलं आणि स्वतःच दचकून आमटी मागितली. कॉलेजात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते, पण इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते.

"व्हा की," पार्वतीबाई म्हणाल्या. "पण आधी तो कॉम्प्युटर चालू करा. दोन महिने नुसतं पुस्तकच वाचताय."

ते खरं होतं. वेब डिझाइनचं जाडजूड पुस्तक पंतांनी दोनदा वाचलं होतं, समासात पेन्सिलीनं शंकाही लिहिल्या होत्या. पुस्तकाचा सल्ला असा, की पहिलं काम ओळखीतल्या संस्थेचं करावं आणि ते दाखवून दुसरं मिळवावं. दुसरं कामही समोर होतं. खातेगावचे बियाण्यांचे व्यापारी रणवीरसेठ म्हणाले होते, "पंतजी, पहले एक बनाके दिखाओ. पंधरा तारीख को देखूँगा. जमी, तो मेरी भी आप ही बनाना." जमली नाही तर पंत पुन्हा नुसतेच निवृत्त.

पहिलं काम म्हणजे मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची वेबसाइट. फोटो बसले, कार्यक्रम बसले. गाडी अडली ती कार्यकारिणीच्या पानावर. माणसं नऊ. मंडळात नावांचा क्रम ही गणपतीच्या मूर्तीपेक्षा नाजूक वस्तू. मागच्या वर्षी पत्रिकेवर नावं गोलात छापली, तर कार्यकारिणीतल्या बापूंनी विचारलं, "गोल सुरू कुठून होतो?" आणि ते दहाही दिवस आरतीला फिरकले नाहीत.

पंतांना युक्ती सुचली. पान उघडलं की दर वेळी कॉम्प्युटरनंच नावं पत्त्यांसारखी पिसायची. कोणी कायमचा पहिला नाही, कोणी कायमचा शेवटचा नाही. आपल्याला सुचलं म्हणजे चुकीचंच असणार, असं त्यांना वाटलं, पण चाललं. त्यांचं स्वतःचं नाव तेवढं तळाशी बारीक अक्षरात होतं. ते जागचं हलत नसे.

तेरा तारखेला सभागृहात अध्यक्ष गोपाळरावांनी बटण दाबलं. पडद्यावर पहिलं नाव गोपाळरावांचं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात चिटणीस विद्युल्लताताई आपला मोबाइल बघून म्हणाल्या, "इथे तर मी पहिली आहे. अध्यक्ष सातवे."

पंतांनी सगळं समजावून सांगितलं, पण ते त्यांच्या आवाजात. त्यामुळे कोणालाच ऐकू गेलं नाही.

संध्याकाळपर्यंत गुपित फुटलं. रिफ्रेश करत राहायचं. आपलं नाव वर आलं की फोटो काढायचा. बापूंनी तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "सर्वप्रथम. ईश्वरकृपा." मग एकेक करत नऊही जण सर्वप्रथम आले. पुण्याच्या मेहुण्यांचे अभिनंदनाचे फोनही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू वही घेऊन दारात.

"पंत, अडीचशे वेळा उघडली. मी बावीस वेळा पहिला, विद्युल्लता चौतीस वेळा. हा काय प्रकार?"

"बापूसाहेब, मशीन चिठ्ठ्या टाकतं."

"मग तिच्याच चिठ्ठ्या जास्त कशा?"

"अजून उघडत राहिलात तर होईल बरोबरी," पंत बोलून गेले. आयुष्यातलं त्यांचं हे एकच वाक्य लोकांनी तंतोतंत पाळलं. बापूंच्या दोन्ही सुना बसल्या, गोपाळरावांचे जावई बसले. विद्युल्लताताईंनी तर भिशीतल्या बाराही जणींना काम वाटून दिलं.

पंधरा तारखेला सकाळी वेबसाइट बंद पडली. इंटरनेटवरच्या त्या फुकटच्या जागेवर दहा हजार वेळाच उघडायची मुभा होती. पंतांनी ती अट वाचली होती आणि हसून सोडून दिली होती. देवासात दहा हजार वेळा ती उघडणार कोण?

गोपाळरावांचा फोन आला. "पंत, फक्त एक सांगा. बंद पडली तेव्हा पहिलं नाव कोणाचं होतं?"

तो ठेवतात तोच रणवीरसेठचा. पंतांनी पाच घंट्या वाजू दिल्या, मग उचलला.

"पंतजी, खुली ही नहीं. लिखा आया, दस हज़ार बार खुल चुकी. इतने लोग?"

इथे एखादा गप्प बसला असता. पंतांना ते जमलं नाही. "सेठजी, लोग तो नौ ही हैं," ते म्हणाले, आणि वहीपासून भिशीपर्यंत सगळं सांगून टाकलं. "मुझसे ये काम नहीं होगा. आप किसी और से बनवा लो."

सेठजींनी भलतंच विचारलं.

"मतलब, उसमें नौ के नौ का नाम पहला आता है?"

"आता है. थोड़ा रुकना पड़ता है."

"अरे पंतजी, हम चार भाई हैं. आठ साल हुए पिताजी को गए, दुकान का बोर्ड आज तक कोरा टंगा है. कल ही खातेगाव आ जाओ. और सुनो, चारों आपके सामने बैठेंगे."

पंतांनी फोन खाली ठेवला.

"मिळालं का काम?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"मिळालं," पंत म्हणाले, पण अशा आवाजात, की पार्वतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. दुसरं मिळेल."