घोड्याची अर्धी मिशी

दिवाकरभाऊ खापऱ्यांच्या दारात कोणी उभं राहिलं तर ते "या" म्हणत नाहीत, "हात" म्हणतात. आपण दोन्ही पंजे उघडून पुढे धरायचे. मग ते कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवून आधी तळवे पाहतात, मग बोटांची टोकं, शेवटी नखं. समाधान झालं तर आत घेतात, नाहीतर अंगणातल्या नळाकडे मान हलवतात. सकाळी तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खाऊन गेलात तर साबण दोनदा लावावा लागतो, कारण तर्रीचं लाल तेल पहिल्या साबणाला भीक घालत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. ते खोटंही नाही.

वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले, तेव्हा ते ओळख करून घ्यायला गेले. दिवाकरभाऊंनी हात मागितले. भाडेकरूंना वाटलं, गृहस्थ ज्योतिषी आहेत. त्यांनी आनंदानं उजवा पंजा पुढे केला आणि बदली कधी होईल ते विचारलं. दिवाकरभाऊंनी बराच वेळ निरखून सांगितलं, "बदलीचं मालूम नाही, पण आधी हे शाई धुवून या." भाडेकरू त्या दिवसापासून त्यांना मोठे सिद्धपुरुष समजतात.

एवढी तपासणी कशासाठी, तर कॉमिक्ससाठी. दिवाकरभाऊंकडे जुन्या कॉमिक्सची दोन कपाटं आहेत. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या दुकानात दोरीवर लटकणारी, भाड्यानं मिळणारी, हिंदीतली, रंग बाहेर सांडलेली कॉमिक्स. त्यांचा लाडका नायक म्हणजे जोरावर जहाजी. हा खलाशी प्रत्येक अंकात घोड्यावर बसतो. जहाजावर घोडा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. दिवाकरभाऊंनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

आता हा माणूस सरळ नोकरी करून निवृत्त झालेला, देवाधर्माचा, भाजी घासाघीस करून घेणारा. पण जगाकडे पाहण्याची त्यांची रीत त्या कॉमिक्सनं कायमची बिघडवली आहे. त्यांना माणूस दिसत नाही, कंडिशन दिसते. माझ्या पुतणीला पाहायला मुलगा आला होता. पोरगा गोरा, उंच, केस कसे चापूनचोपून बसवलेले. सगळे खुश. दिवाकरभाऊ कोपऱ्यातून म्हणाले, "कव्हर झकास हाये. पण मधली पानं उघडून पाहा लागन." मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला. पुढे त्या मुलाची मधली पानं खरोखरच गहाळ निघाली, ही गोष्ट वेगळी. माझे सासरे दवाखान्यात होते तेव्हा भेटायला आले, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन धीर दिला की कोपरे झिजले आहेत, थोडा पिवळेपणा आहे, पण शिवण मजबूत आहे, अजून पुष्कळ वर्षं टिकतील. सासरे टिकलेही. डॉक्टरांपेक्षा त्यांचा दिवाकरभाऊंवर जास्त विश्वास आहे.

अशा कॉमिकला किंमत कशी येते, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी झोपेत म्हणून दाखवीन. अंक पहिला असावा. पिनांना गंज नसावा. सोबत फुकट मिळालेलं स्टिकर अजून आतच असावं, कोणाच्या दप्तरावर गेलेलं नसावं. मुखपृष्ठावर कोण्या पोराचं नाव आणि इयत्ता लिहिलेली नसावी. आणि सेलोटेप नसावी. सेलोटेप लावणाऱ्या माणसाबद्दल दिवाकरभाऊ जे बोलतात ते मी इथे लिहू शकत नाही. पण हे सगळं सांगून झालं की शेवटी ते एक वाक्य हमखास टाकतात: "पण खरा भाव कशानं चढते, सांगू का? दोन जिद्दी माणसं लागतात. एकानं भाव नाही चढत."

दिवाकरभाऊंच्या पत्नीचा, म्हणजे आमच्या शोभावहिनींचा, या विषयाचा अभ्यास निराळा आहे. त्या रुपयांत बोलतच नाहीत. कपाटाकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगतात, हा वरचा खण म्हणजे मिक्सर, हा मधला म्हणजे वॉशिंग मशीन, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीतला एकटा दिसतो ना, तो माझा फ्रीज. त्यांचा जुना फ्रीज दाराला दोरी बांधून बंद करावा लागतो. त्यात कॉमिक्सच्या खोलीत कूलर लावायला बंदी, कारण कूलरच्या ओल्या हवेनं कागद फुगतो. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवायच्या खोलीत बसणारा माणूस एकतर तपस्वी असतो किंवा दिवाकरभाऊ. बनियन पिळून पुन्हा घालतात आणि हात पुसून पान उलटतात.

खरेदी होते ती मोबाइलवरच्या एका ग्रुपात. रविवारी सकाळी कोणीतरी जुन्या कॉमिकचे फोटो टाकतो, ठरल्या वेळेपर्यंत बोली चालते. तिथं खरं नाव कोणी सांगत नाही, कारण विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची भूक कळली की तो डोक्यावर बसतो. दिवाकरभाऊ तिथं 'बंदरगाह' या नावानं वावरत. आणि त्यांचा हाडवैरी होता 'कोळसा'. त्याच्या नावासमोर गुलाबाच्या फुलाचा फोटो, बाकी पत्ता नाही. दिवाकरभाऊंनी ज्यावर डोळा ठेवावा, नेमकं तेच या कोळशाला हवं असायचं. बरं, दुसऱ्या कुठल्या कॉमिकला तो हात लावत नसे. फक्त जोरावर जहाजी, तेही जुने, वापरलेले. "हा माणूस माह्या मागच्या जन्मीचा लागतो," दिवाकरभाऊ म्हणायचे. वहिनींचा मिक्सर कोळशापायी गेला होता.

एका रविवारी सकाळीच मला बोलावणं आलं. मी हात दाखवून आत गेलो. दिवाकरभाऊंचा चेहरा असा, की मला वाटलं कोणी गेलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ग्रुपात एक कॉमिक आलं होतं, पार फाटकं. कव्हर अर्धं, पिना गंजलेल्या, आणि आतल्या प्रत्येक चित्राला पेनानं मिशा काढलेल्या. जोरावरला मिशी, खलनायकाला मिशी, राजकन्येला मिशी, पोपटालासुद्धा. विकणाऱ्यानं स्वतःच लिहिलं होतं, खराब प्रत, हौस असेल त्यानं घ्या. मी म्हटलं, याला रद्दीवाला तरी घेईल का?

त्यांनी शेवटचं पान मोठं करून दाखवलं. त्यावर जोरावरचा घोडा होता. त्यालाही मिशी होती, पण अर्धीच. डावीकडे झुपकेदार पीळ आणि उजवीकडे नुसती एक रेघ, थेट पानाबाहेर गेलेली.

"इथं मी त्याले ठेवून दिली होती," दिवाकरभाऊ म्हणाले. "कानाखाली. पेन सरकला."

मग मला प्रथमच कळलं की त्यांना भाऊ आहे. विलास. दोघं मिळून लहानपणी ओट्यावर कॉमिक्स भाड्यानं द्यायचे. मोठा हिशेबाचा, आणि धाकटा दुकानावर बसला की मिशा काढायचा. मोठे झाल्यावर सगळी कॉमिक्स वडिलांच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत पडून होती. वडील गेले, घर रिकामं करायचं ठरलं, आणि विलासनं जुन्या वर्तमानपत्रांसोबत ती पेटीही रद्दीत देऊन टाकली. मुद्दाम नाही, त्याला वाटलं जुनी गाइडं आहेत. दिवाकरभाऊंनी त्या दिवशी त्याला काय काय म्हटलं ते मला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की त्यानंतर बोलणं बंद. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर जिलबीसुद्धा तिसऱ्याच्या हातून पुढे सरकवायची. विलास मौद्याला वीज प्रकल्पात होता, आता तोही निवृत्त झाला असावा. असावा, असं ते म्हणाले. सख्ख्या भावाबद्दल 'असावा' म्हणावं लागावं, याचं मला फार वाईट वाटलं.

बोली सुरू झाली. दिवाकरभाऊंनी आकडा टाकला. लगेच कोळशानं वर टाकला. ग्रुपात आधी हसण्याची चित्रं आली, मग हळूहळू तीही थांबली. फाटक्या, मिशाळ कॉमिकवर दोन जाणती माणसं अशी का तुटून पडली आहेत, हे कोणाला कळेना. मिक्सर मागे पडला. वॉशिंग मशीन आलं. वहिनी दारातून पाहत होत्या. त्यांनी आम्हा दोघांपुढे पोह्यांच्या बशा ठेवल्या, वर तर्री घालून. काळजीत माणूस काय खातो त्याच्याकडे त्याचं लक्ष नसतं. दिवाकरभाऊ मोबाइल मांडीवर ठेवून हातानंच पोहे खात सुटले. मीही खात होतो, मला तर काळजीसुद्धा नव्हती.

वेळ संपत आली आणि कोळशानं एकदम फ्रीजचा आकडा टाकला. दिवाकरभाऊंनी बोट उचललं, आणि ते लाल बोट पाहून जागीच थबकले. स्क्रीनवर घोड्याचं पान होतं. मी माझा हात पुढे केला, तर म्हणाले, "हात नको लावू." आणि धावत अंगणातल्या नळावर गेले.

फोटोला तेल लागत नसतं, हे मी ओरडून सांगितलं. पण नळाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी साबण दोनदा लावला. हात पुसत परत आले तेव्हा बोली बंद झाली होती. कॉमिक कोळशाचं झालं होतं.

त्यानंतर ग्रुपात जे झालं त्याला तोड नाही. मिशांची ती दुर्मिळ आवृत्ती असणार, असं एका जाणकारानं जाहीर केलं. दुसऱ्यानं सांगितलं की छापखान्यातच मोजक्या प्रतींवर मिशा काढल्या जात. पुढच्या आठवड्यात चार जणांकडे मिशावाल्या प्रती निघाल्या, एकीवर तर शाई ओली होती. एरवी अशा गोष्टीवर दिवाकरभाऊंनी रणकंदन केलं असतं. आता मी गेलो तर माझे हातसुद्धा पाहिले नाहीत, नुसतं "बस" म्हणाले. वहिनी स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "कोणी हात न धुता गेलं तरी यायले समजत नाही. मले भेव वाटून राहिलं."

शेवटी त्यांनी कोळशालाच निरोप लिहिला. एका बोटानं, बराच वेळ. मला वाचून दाखवला: "साहेब, तुमची बोली मोठी होती, कॉमिक तुमचंच. फक्त तो घोडा एकदा मला समक्ष पाहू द्या. मिशी माझ्या भावानं काढली आहे." खाली पत्ता आणि आपलं खरं नाव. ग्रुपातल्या माणसाला खरं नाव देणं म्हणजे त्यांच्या लेखी शस्त्र खाली ठेवणं होतं. उत्तर आलं नाही. आठवडा तसाच गेला.

रविवारी मी कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे खायला गेलो. तिथं साठीचा एक गृहस्थ बाकावर बसला होता, पायाशी पत्र्याची नवी पेटी. त्याची बशी कधीच रिकामी झाली होती, तरी तो उठेना. टपरीवाल्यानं विचारलं, तर दुसरी बशी घेतली. तीही संपवली. मग एकदम उठला आणि पेटी उचलून, हात न धुताच, आमच्या गल्लीत शिरला. मी मागोमाग गेलो. तो दिवाकरभाऊंच्याच दारात थांबला.

दिवाकरभाऊंनी दार उघडलं. समोर कोण आहे ते पाहिलं, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हात."

गृहस्थानं पेटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. बोटं लालभडक, नखांत हळद. मागून वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, विलासभाऊजी."

"मीच कोळसा हावो दादा," विलास म्हणाला. "पेटी भरली का आणून देईन म्हटलं होतं. रिकाम्या हातानं थोडी येता येत होतं?"

पेटीत जोरावर जहाजी होता, थराथरानं. रद्दीत गेलेला एकेक अंक त्यानं इतकी वर्षं शोधून शोधून परत घेतला होता, भावाला द्यायला. आणि प्रत्येक वेळी भाव चढवायला समोर भाऊच बसला होता. हे लक्षात यायला दोघांनाही जरा वेळ लागला. मग इतक्या वर्षांनंतरचं पहिलं संभाषण भांडणानंच सुरू झालं.

"तू काहून वाढवून राहिला होता गा?" दिवाकरभाऊ म्हणाले.

"मले काय माहीत बंदरगाह म्हणजे तू? मी त्याले रोज शिव्या देत होतो."

"मी बी तुले देत होतो."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला होता, तरी हिशेब चुकला नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे माझा मिक्सर तुम्ही दोघांनी मिळून खाल्ला. विलास लाजून म्हणाला, वहिनी, आमच्या घरी कूलर गेला.

मी नळाकडे पाहत होतो. आता विलासला तिकडे पाठवणार, साबण दोनदा, हे मला दिसत होतं. पण दिवाकरभाऊंनी ते लाल हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि तसंच ओढत त्याला आत नेलं. कॉमिक्सच्या खोलीत. धुतलेल्या हातांना तर्री लागली, शर्टाला लागली, त्यांना पत्ता नव्हता. मला भरून आलं, ते काय लपवायचं.

आत त्यांनी पेटीतून ते फाटकं कॉमिक काढलं, शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि खिशातला पेन विलासच्या हातात दिला. विलासनं बोटं शर्टाला पुसली, तरी घोड्याच्या मानेवर लाल ठसा उमटला.

दिवाकरभाऊंनी ठशाकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची पुढे ओढून भावाच्या शेजारी बसले.

"कर पुरी," ते म्हणाले. "आता नाही मारत."