चोवीस कॅरेटचं पाणमांजर

आमच्या शेजारचे हणमंतनाना "बगळा पाहिला" असं कधी म्हणत नाहीत. "अठरा कॅरेटचा बगळा पाहिला" म्हणतात. बगळा जवळ असला, उजेड स्वच्छ असला आणि तो आपल्या कामात असला, तर अठराचे बावीस होतात. दुर्बिणीतून पाहिलेला बाद. "काचंतनं बघितलेलं म्हंजे पितळ घातलेलं सोनं. भेसळ नको, गड्या."

नाना आमच्या विट्याचेच. चौतीस वर्षं कोईमतूरला त्यांचं गलाईचं दुकान होतं. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हा धंदा. दुकान दहा बाय आठ. खिडकी एक, तिच्यासमोर दुसऱ्या गलाईवाल्याची भिंत. दोन वर्षांपूर्वी दुकान पुतण्याच्या हवाली करून ते कायमचे परतले आणि तिसऱ्याच महिन्यात एक तंबू घेऊन आले. तेव्हापासून दर चार महिन्यांनी कुंभार्ली घाट उतरून कोकणातल्या एका सागरी उद्यानात आमचा मुक्काम असतो. तिथे वाळू कमी आणि खडक फार. आम्ही म्हणजे नाना, त्यांच्या पत्नी सुमनकाकी आणि मी. गाडी माझी, म्हणून मी. शिवाय साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी सव्वीस वर्षं गेली, त्यामुळे मोजदादही माझ्याकडे.

पाच खेपांत आम्ही एकेचाळीस प्रकारचे पशुपक्षी पाहिले. नाना ज्याच्यासाठी येतात ते खाडीतलं पाणमांजर मात्र त्यात नव्हतं. नानांच्या कसोटीला त्यातले तीनच चोवीस कॅरेटचे उतरले: एक समुद्रगरुड, एक घोरपड आणि एक खेकडा. खेकडा का, असं मी विचारलं. "त्यो माझ्याकडं बघून थांबला हुता," एवढंच उत्तर मिळालं. एकदा होडीवाल्याने डॉल्फिनांचा कळप दाखवला. मी पाठीवरचे चौदा पंख मोजले. होडीतली वीस माणसं एकदम ओरडत होती. नाना म्हणाले, "नुसता पंख दिसला. पंखाचं नऊ कॅरेट. वरनं ह्यो कालवा. आठ धर."

तंबूची जागा ते पाण्याची बाटली आडवी ठेवून तपासतात. बाटली घरंगळली की जागा बदलायची. एकदा सात जागा बदलल्या. आठव्या जागेवर मुंगळे निघाले, पण बाटली हलली नव्हती, म्हणून तंबू तिथेच ठोकला.

सगळ्यात कडक नियम बोलण्याचा. सकाळी साडेपाच ते आठ कोणी ब्र काढायचा नाही. मोबाईल स्टीलच्या डब्यात. मी एकदा शिंकलो, तर नाना दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. उद्यानाचा रखवालदार परवाना बघायला आला, तेव्हा नानांनी ओठांवर बोट ठेवून त्यालाही खाली बसवलं. बिचारा पस्तीस मिनिटं मांडी घालून बसला आणि परवाना न बघताच निघून गेला.

या नियमाचं मला बरेच दिवस नवल वाटायचं. मग एकदा मी सहज आकडेमोड केली. चौतीस वर्षांत नाना दिवाळीला पंधरा दिवस आणि गावच्या यात्रेला पंधरा दिवस घरी यायचे. म्हणजे एक हजार वीस दिवस. चौतीस वर्षांच्या संसारात नवराबायकोचा सहवास तीन वर्षांनाही पंचाहत्तर दिवस कमी. आमची आणि त्यांची भिंत एकच आहे, त्यामुळे पलीकडचं ऐकू येतं. "पानी आलं?" "आलं." "जेवायचं का?" "वाढू का?" इतकंच. भांडणसुद्धा नाही. भांडायला एकमेकांची माहिती लागते.

खडकावर मात्र दोघं अडीच तास खांद्याला खांदा लावून बसतात. तिथे न बोलणं हा नियमच असतो.

गेल्या खेपेला, म्हणजे सहाव्या, काकींनी तंबूतच जाहीर केलं, "आवं, पाच बाऱ्या झाल्या. त्या पानमांजराचं नुसतं नाव ऐकतीय. उद्या दिसलं तर दिसलं, न्हाईतर ही माजी शेवटची खेप. गुडघं ऱ्हायलं न्हाईत."

नाना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "उद्या दिसायलाच पायजे, गड्या. तिला काय तरी अस्सल दावायचंय. ती न्हाई आली तर मी तरी इथं कुणाशेजारी बसू?"

सकाळी आम्ही खाडीच्या तोंडावरच्या खडकावर बसलो. सहा वाजले. सात वाजले. तीन बगळे, एक खंड्या. सव्वासातला काकींनी पाय अवघडला म्हणून पाण्याकडे पाठ केली, नानांकडे तोंड केलं आणि चक्क बोलायला लागल्या.

"आपल्या माळ्यावर उदमांजर व्यालं हुतं."

नानांचं बोट ओठांकडे निघालं आणि हनुवटीशी थांबलं.

"कवा?"

"तुमी दुकान मोठं केलं त्या साली. चार पिल्लं. कुनाला सांगितलं न्हाई मी, मारली असती. वाटीत दूध ठिवायची रोज."

"मला तरी सांगायचंस."

"कवा सांगनार? पंधरा दिस यायचा, त्यातलं आठ पावन्यांत जायचं. आन् पत्रात काय लिवू, मांजर व्यालं म्हनून?"

नाना हसले. काकी हातवारे करून सांगू लागल्या: एक पिल्लू कसं पुढे यायचं, त्याची आई अडगळीमागून कशी बघायची, आणि त्या दिवसांत काकींना घरात एकटं कसं वाटायचं नाही.

तेवढ्यात काकींच्या पाठीमागे, पंचवीस पावलांवर, पाण्यातून एक चपटं, मिशाळ डोकं वर आलं. मग दुसरं. दोन्ही पाणमांजरं खडकावर चढली. एकाच्या तोंडात मासा होता. उजेड स्वच्छ होता. मी नानांकडे पाहिलं. त्यांनाही दिसली होती. त्यांचे डोळे क्षणभर तिथे खिळले. मी काकींना हाक मारायला तोंड उघडलं, तर नानांनी मान हलवली. नको. आणि बायकोकडे वळून म्हणाले,

"मग? फुडं काय झालं?"

काकी सांगत राहिल्या. नानांनी पुन्हा पाण्याकडे पाहिलं नाही. दोन्ही पाणमांजरं मासा संपवून पाण्यात उतरली आणि गेली. पिल्लं मोठी होऊन माळ्यावरून गेली, तिथवर गोष्ट यायला आठ वाजून गेले.

"आगं बया," काकींनी मागे वळून रिकाम्या पाण्याकडे पाहिलं. "माज्या बडबडीत ऱ्हायलंच. दिसलं का वो काय?"

"न्हाई," नाना म्हणाले.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाला, भाऊ?"

सव्वीस वर्षांत मी काट्यावर एक किलोही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

"नाही, काकी," मी म्हणालो.

"मग फुडल्या खेपंला चटई जाड घ्या," नानांच्या खांद्याचा आधार घेऊन उठत काकी म्हणाल्या. "ह्यो दगड लय टोचतोय."