बुधवारी गोळी नाही

आमचे चुलते तुकानाना कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातच विचारतात, "संडास कुठल्या अंगाला?" खुशाली नंतर. माझ्या मुलासाठी मुलगी पाहायला गेलो, तिथंही विचारलं. ते स्थळ फिसकटलं ते माझ्या बडबडीनं, पण घरात मी नानांचं नाव सांगतो.

नानांचं हृदय थकलंय, पाय सुजतात. म्हणून रोज सकाळी एक पाण्याची गोळी. ती घेतली की दुपारपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी लघवीला उठणं. आमच्या अवसरी गावातली घरं ते संडासावरूनच ओळखतात. "माणूस लई चांगला, पर कडी लागत न्हाई." तरुणपणी ते मेंढरांमागं हिंडले. "तवा अख्खा माळ आपला व्हता, राव!"

एकदा त्यांना माझ्या गाडीतून नेलं. मंचर यायच्या आत दोनदा थांबलो. तेव्हापासून नानांना कुठं जायचं असलं की माझी गाडी बिघडलेली असते.

एका गुरुवारी नाना अंगणात चक्कर येऊन पडले. पोटऱ्यांत गोळे आलेले. रक्त तपासलं, तर अंगातले क्षार घसरलेले.

"गोळ्या किती घेतल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन. कालची ऱ्हायली व्हती."

"का राहिली?"

"बुधवारी गोळी नसती."

"कुणी सांगितलं?"

"एस्टीनं. ती मधी थांबत न्हाई."

मनानं गोळी सोडायची नाही आणि राहिलेली दुसऱ्या दिवशी जोडीनं घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

नाना दर बुधवारी एस्टीनं आणे गावाला जातात, हे मला ठाऊक होतं. कशाला, ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर गाडी दुरुस्त करावी लागली असती.

"आक्काची नखं काढायची असत्यात," नाना म्हणाले. आक्का म्हणजे आण्याला दिलेली माझी थोरली आत्या. तिला आता दिसत नाही.

"दर आठवड्याला? इतकी वाढतात?"

"न्हाई वाढत. पर ती बोटं पुढं करून बसती."

पुढच्या बुधवारी, डॉक्टरांना विचारून, मी गाडी काढली. बसताना नानांनी गोळ्यांचं पाकीट दाखवलं. एक घर रिकामं. "घेतलीय, बाळ्या. आता तुझी परीक्षा."

आण्यापर्यंत सात वेळा थांबलो. आत्या ओट्यावर बसली होती, दहाही बोटं गुडघ्यांवर पसरून.

"आज उशीर?"

"गोळी घेतलीय, आक्का."

"मंग आदी मागल्या अंगाला जाऊन ये," आत्या म्हणाली. बोटं तिनं तशीच ठेवली.