रोक्कास्पीनाहून आणलेला कागद

तीस वर्षांत आपल्या हातून एकही कागद हरवलेला नाही, हे वाक्य एर्मेते गांदोल्फो दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच! सान बास्तियानोचा पोस्टमन तो. समोर समुद्र, पाठीशी डोंगर आणि मध्ये हा बाबा सायकलवर. "पत्र नाही, तार नाही, साधं पोस्टकार्ड नाही! एकही नाही!" दुसरी बढाई सायकलची. रोक्कास्पीनाचा घाट, सव्वीस वळणं. चढायला एक तास दहा मिनिटं, उतरायला सव्वीस. वय वर्षं छप्पन्न. पंचविशीतली पोरं आपल्या मागे पडतात, असं त्याचं म्हणणं. ती पोरं कोण, हे मात्र गावात कोणालाच कधी कळलं नाही.

तर अशा या एर्मेतेच्या एकुलत्या एका मुलीचं, नीव्हेसचं, लग्न ठरलं. एप्रिलमधला शनिवार, सकाळी अकराची वेळ. बायकोनं, योलांदानं, महिनाभर आधीच बजावलं होतं, "लग्नाच्या दिवशी सायकलला हात लावलास तर बघ!"

आता शनिवारची सकाळ, स्वच्छ आकाश, आणि घाट चढायचा नाही? गेल्या तीस वर्षांत असा शनिवार उजाडला नव्हता! एर्मेतेनं डोकं चालवलं. नवरा मुलगा सिल्व्हानो वर रोक्कास्पीनाचा. जहाजावर खलाशी. तिथल्या चर्चचे फादर कालिस्तो यांनी एक कागद लिहून द्यायचा होता, की हा मुलगा अविवाहित आहे, लग्नाला कोणाची हरकत नाही. खालचे फादर प्रॉस्पेरो कागदाच्या बाबतीत महाकडक. "खलाशी आहे! कुठल्या बंदरात काय करून ठेवलं असेल, देव जाणे. कागद नाही तर लग्न नाही!"

फादर कालिस्तो कागद पोस्टानं पाठवणार होते. एर्मेते म्हणाला, "छे छे! माझ्या मुलीचा कागद मी स्वतः आणणार!" मग सोमवारी त्याचं डोकं दुखलं, बुधवारी गुडघा, शुक्रवारी चाकाची तार तुटली. शेवटी लग्नाच्या दिवशी पहाटे हे गृहस्थ डोक्याला हात लावून म्हणाले, "अरे देवा! कागद तर वरच राहिला!"

योलांदा केसांत पिना खोचत होती. पंचवीस वर्षांचा संसार होता, तिला काय कळायचं ते कळलं. "गाडीनं जा," ती म्हणाली.

"गाडीला फुलं बांधलीत! आणि त्या वळणांवर गाडीपेक्षा मी बरा. साडेनऊला परत!"

"कागद विसरलास तर घरी येऊ नकोस."

"मी? मी आणि कागद विसरेन? तीस वर्षांत..."

"जा रे बाबा, जा!"

दारात नीव्हेस आली. तोंड पांढरंफटक. "बाबा, लग्न आज व्हायलाच हवं हं. सिल्व्हानोचं जहाज रात्री सुटतंय. मग दहा महिने तो नाही."

"काळजी करू नकोस पोरी! आणि समजा झालाच उशीर, तरी दहा महिने म्हणजे काय! तुझी आई माझ्यासाठी तीन वर्षं थांबली होती."

"मला नाही थांबता येणार, बाबा."

"का नाही? धीर धरला की..."

नीव्हेसनं आईकडे बघितलं. आई छताकडे बघायला लागली. एर्मेतेनं टोपी घातली आणि पॅडल मारलं.

हवा काय सुंदर होती! दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, खाली निळा समुद्र. एर्मेते गुणगुणत चढत होता. आठ वळणं झाली, नऊ झाली. मला नाही थांबता येणार म्हणे! आजकालच्या पोरींना कशाचा धीर म्हणून नाही. दहावं वळण. आणि योलांदा छताकडे का बघत होती? छताला काय झालंय? मागच्याच वर्षी तर रंग दिला! अकरावं वळण. नीव्हेस सकाळी तोंड धुताना इतका वेळ का लावते हल्ली? आणि परवा माशाच्या वासानं उठून का गेली?

बाराव्या वळणावर सायकल थांबली.

एर्मेतेनं बोटं मोजली. पुन्हा मोजली. सिल्व्हानो मागच्या वेळी आला होता तो जानेवारीत. "अगं आई गं!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. म्हणजे आज लग्न झालं नाही, तर सिल्व्हानो परत येईपर्यंत बाळ बसायला लागलेलं असेल! आणि हा कागद आपण फिरायला मिळावं म्हणून वर ठेवलाय! उरलेली चौदा वळणं तो असा चढला, की ती पंचविशीतली पोरं खरोखर असती तर खरोखरच मागे पडली असती.

वर पोचला तर फादर कालिस्तो मधमाश्यांच्या पेट्यांत गुंतलेले! तोंडावर जाळी, हातात धुराचा डबा.

"फादर, कागद!"

"हळू बोल, चिडतील. कसला कागद?"

"सिल्व्हानोचा! आज लग्न आहे!"

"आजच का? मला वाटलं पुढच्या शनिवारी." फादरनी सावकाश जाळी काढली, सावकाश हात धुतले, चष्मा शोधला. मग ओली केली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल काढली आणि जिभेला लावली. त्यांची जीभ वर्षानुवर्षं जांभळीच होती. एक ओळ लिहायची, पेन्सिल चाटायची, दुसरी ओळ लिहायची. एर्मेते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. शेवटी फादरनी शिक्का शाईत दाबला आणि दोन्ही हातांनी असा हाणला, की टेबल हललं.

"पाकीट द्या."

"पाकिटं संपली. वाळू दे जरा."

"वाळेल वाटेत!"

नऊ वाजायला दहा मिनिटं होती. आता कागद ठेवायचा कुठे? सायकलच्या सदऱ्याचा मागचा खिसा घामानं भिजलेला. पोस्टमनच तो, त्यानं विचार केला, सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे छाती! घाटमाथ्यावर दारूच्या गुत्त्याबाहेर खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतोच. उतारावर वारा छातीत शिरू नये म्हणून प्रत्येक सायकलवाला त्यातलं एक उचलून सदऱ्याच्या आत कोंबतो. एर्मेतेनं कागद उलगडून छातीला लावला, त्यावर वर्तमानपत्र घातलं, सदऱ्याची चेन गळ्यापर्यंत ओढली. आत कागद, बाहेर पेपर. वाराही नाही आणि काळजीही नाही!

आणि मग तो उतरला! वळणावर ब्रेक नाही, बकऱ्या दिसल्या तरी ब्रेक नाही. डोळ्यांतून पाणी, कानांत वारा, आणि अंगातून भीतीनं धो धो घाम. समुद्राच्या रस्त्याला लागताना त्यानं घड्याळ बघितलं. चोवीस मिनिटं! चोवीस! आपलाच विक्रम दोन मिनिटांनी मोडला! आनंदानं तो हवेत मूठ उंचावणार, एवढ्यात तेक्लामावशीचं मासळीचं दुकान आलं. डोंगरावरून उतरणारा प्रत्येक जण आपला पेपर तिच्या टोपलीत टाकून पुढे जातो, मावशी त्यात मासळी बांधून देते. घामाचं काय, म्हणून कोणी नाक मुरडलं तर ती म्हणते, "मांदेलीला कुठे घामाचा वास कळतो!" एर्मेतेचा हात तीस वर्षांच्या सवयीनं गळ्यातून आत गेला, होतं ते सगळं ओढलं आणि टोपलीत भिरकावलं.

"चोवीस मिनिटं, मावशी!"

"शाब्बास रे वाघा!"

घराच्या पायरीवर योलांदा उभी होती. निळा रेशमी झगा, हात पुढे. "कागद?"

"चोवीस मिनिटं!"

"कागद, एर्मेते."

त्यानं छातीवर हात ठेवला. छाती होती. पेपर नव्हता. कागद नव्हता. त्याचा चेहरा बघून योलांदानं दाराची चौकट धरली. तो मागच्या मागे सायकलवर बसला.

"मावशी! टोपली!"

"टोपली रिकामी झाली की. शनिवार ना आज! तीन पुड्या बांधल्या त्या पेपरात."

"कोणाच्या?"

"एक आदाबाईंनी नेली, शाळेच्या. एक फादर प्रॉस्पेरोंच्या स्वयंपाकिणीनं, पिएरीनानं. आणि एक तो ट्रकवाला, तूरिनचा."

आदाबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. एर्मेते सायकल खांद्यावर घेऊनच जिने चढला, खाली ठेवायचं सुचलंच नाही. बाईंनी पुडी उलगडून दाखवली. मासळी, खेळांचं पान, बस्स. "पण तू असा का दिसतोयस? आज लग्न ना तुझ्याकडे?"

सव्वादहा. फादर प्रॉस्पेरोंच्या स्वयंपाकघरात तो मागच्या दारानं शिरला. शेजारच्या खोलीत फादर येरझाऱ्या घालत लग्नाचं प्रवचन पाठ करत होते. "विवाह म्हणजे जबाबदारी!" भिंतीपलीकडून आवाज आला, तसा एर्मेते टेबलाखाली वाकला.

"पिएरीना!" तो कुजबुजला. "मासळीचा पेपर कुठाय?"

"चुलीत घालणार होते आत्ता. का हो?"

"नको! दे इकडे!" झटापटीत कढई खणखणली. येरझाऱ्या थांबल्या.

"पिएरीना? कोण आहे?"

"मांजर, फादर!" ती म्हणाली. मांजर घामानं निथळत चोळामोळा झालेला पेपर उलगडत होतं. हवामान, मृत्युलेख, दुधाच्या पावडरीची जाहिरात. कागद नाही!

म्हणजे तो तूरिनच्या वाटेवर! एर्मेते हमरस्त्यापर्यंत गेला, रिकाम्या रस्त्याकडे बघत उभा राहिला, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडला. सरळ हमसून रडला. पुन्हा वर जायला तास दहा मिनिटं. फादर कालिस्तोंकडे टेलिफोन नाही. आणि बारा वाजता चर्चमध्ये दुसरं लग्न. काय करून बसलो मी! एका सायकलीपायी!

अकराला पाच मिनिटं असताना तो चर्चच्या मागच्या खोलीत पोचला. वऱ्हाड बाहेर बसलेलं. आत फादर प्रॉस्पेरो, योलांदा, आणि पांढऱ्या पोशाखातली नीव्हेस. सिल्व्हानो दारात ताटकळत.

"हरवला," एर्मेते म्हणाला. "माझ्याच हातून. फादर, मला हवी ती शिक्षा द्या, पण लग्न लावा."

"कागद नाही तर लग्न नाही."

"मी शपथ घेतो!"

"शपथेला शिक्का नसतो, एर्मेते."

नीव्हेस मटकन खुर्चीत बसली. सिल्व्हानो म्हणाला, "मी जहाज सोडतो. नोकरी गेली तरी चालेल, मी हिला सोडून जाणार नाही." ते ऐकून एर्मेतेला आणखीच रडू आलं. बाळ येणार, आणि बापाला नोकरी नाही, आजोबाच्या मूर्खपणामुळे!

योलांदाचा मात्र आता तोल सुटला. "रडतोयस काय! आणि त्या घाणेरड्या सदऱ्यात देवाच्या घरात उभा आहेस! लग्न होवो न होवो, माणसासारखा सूट तरी घाल!" तिनं गळ्यापाशी चेन पकडली आणि सर्रकन खाली ओढली.



एर्मेतेची छाती जांभळी होती. तशी त्याची छाती पहिल्यापासूनच बिनकेसांची, गुळगुळीत. तिच्यावर वरपासून खालपर्यंत ओळी. डाव्या बाजूला, बरोबर हृदयावर, मोठा गोल शिक्का.

"हे काय?" योलांदा म्हणाली. "गोंदवून घेतलंस?"

फादर प्रॉस्पेरो पुढे आले. चष्मा लावला. नाक छातीला टेकेपर्यंत वाकले. "उलटं आहे," ते म्हणाले. मग त्यांनी एर्मेतेचे खांदे धरून त्याला भिंतीवरच्या आरशासमोर फिरवलं.

"श्वास सोडू नकोस! ओळ वाकडी होते," फादर ओरडले आणि आरशात बघून वाचायला लागले. "मी, कालिस्तो... असे प्रमाणित करतो की... पोट आत घे, एर्मेते!... सिल्व्हानो आर्नाल्दी, खलाशी, हा अविवाहित असून..." ते थांबले. "अक्षर कालिस्तोचंच. शाळेपासून ओळखतो मी हे घाणेरडं अक्षर. शिक्काही त्याचाच."

"मग?" तिघांनी एकदम विचारलं.

"मग काय! कागद फायलीला लावावा लागतो. याला कसा लावू?"

एर्मेतेनं श्वास रोखलेलाच होता, तो लाल व्हायला लागला. तेवढ्यात सिल्व्हानो धावत बाहेर गेला आणि फोटोग्राफरला दंडाला धरून घेऊन आला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी लग्न लागलं. वधूपित्यानं सूट घातला होता, पण पांढऱ्या सदऱ्यातून जांभळं काहीतरी उमटत होतं आणि तो अजिबात वाकत नव्हता. फादरनी ताकीदच दिली होती, फोटो नीट आला की नाही ते कळेपर्यंत आंघोळ करायची नाही. चार दिवस लागले.

बुधवारी टपालाच्या थैलीत तूरिनहून आलेलं एक पाकीट निघालं, मासळीचा वास मारणारं, फादर प्रॉस्पेरोंच्या नावाचं. भल्या ट्रकवाल्यानं शिक्का बघून पाठवलेलं. एर्मेतेनं ते स्वतः नेऊन दिलं आणि सही घेतली.

आता नातू पाच वर्षांचा आहे. तो लवकर कसा जन्मला, यावर सान बास्तियानोत कोणी बोलत नाही. निदान आजोबांसमोर तरी नाही. आणि आजोबांची बढाई? ती चालूच आहे! उलट आता जास्तच जोरात. "हरवला कुठे? चार दिवस उशीर झाला, एवढंच! पस्तीस वर्षांत एकही कागद..."

आणि योलांदा? ती फक्त उठते आणि कपाटातून नीव्हेसच्या लग्नाचा आल्बम आणायला जाते. त्यातला पहिला फोटो नवरीचा नाही.